केळं आणि बैल

कलेने खोडकर असावं, या मताचा मी आहे. फार गंभीर चित्रासमोर उभं राहिलं की मला तोंडी परीक्षेला आल्यासारखं वाटतं. पण खोडीखोडीतही फरक असतो हो!

मॉरिझिओ कातेलान या इटालियन गृहस्थांनी २०१९ साली मायामीच्या कलाबाजारात भिंतीवर चिकटपट्टीने एक केळं चिकटवलं. २०२४ साली न्यूयॉर्कच्या लिलावात या कलाकृतीची एक प्रत बासष्ट लाख डॉलरना गेली. हाती काय आलं? प्रमाणपत्र आणि केळं चिकटवण्याच्या सूचना! घेणाऱ्याने पुढे चारचौघांसमोर केळं खाऊन टाकलं. एवढ्या व्यवहारात खेळ असा तेवढाच झाला.

आता पिकासो बघा. १९४२ सालचं पॅरिस, गावात जर्मन फौजा. या पठ्ठ्याने सायकलचं जुनं सीट घेतलं, त्यावर हँडल बसवलं, आणि चक्क बैल आपल्याकडे बघू लागला! केळ्याचा विनोद किंमत ऐकल्यावर कळतो, बैलाचा दिसताक्षणी. किमतीची चिठ्ठी काढली तर केळ्याचं डझनावारी केळं होतं. बैल मात्र बैलच राहतो.

कवितेचं त्या मानाने बरं आहे. तिच्या वाटेला लिलाववाले जात नाहीत. पुढे तत्त्वज्ञांवर ‘अष्टदर्शने’ लिहिणाऱ्या विंदा करंदीकरांनी १९६३ साली पोरांसाठी ‘एटू लोकांचा देश’ वसवला. भांडवल काय, तर शब्द आणि यमकं.

महागडी बाहुली शोकेसमध्ये बसते आणि पोर लाटण्याची आगगाडी करतं. श्रीमंती बाहुली आणू शकते. आगगाडी ज्याची त्यालाच करावी लागते.