खांबाला कान लावणारी मुलगी

सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ (१९५५) आम्ही नववीच्या मुलांना दाखवला, तेव्हा एक प्रसंग पार फसला. संच लहान, डोक्यावर पंख्यांची घरघर, त्यात मुलांची कुजबुज. काशफुलांच्या रानातून दुर्गा आणि अपू येतात, तारांच्या खांबापाशी थबकतात, दुर्गा खांबाला कान लावते. मुले हसली. “ही काय करतेय?” एकाने विचारले. खांबातली गुणगुण त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. चित्र पूर्ण दिसत होते, पण प्रसंग नाहीसा झाला होता.

दुसऱ्या दिवशी पंखे बंद करून तेवढाच भाग पुन्हा दाखवला. या वेळी कोणी हसले नाही. आगगाडी दिसण्याआधी बाहेरचे अफाट जग या भावंडांना कानाने भेटते, हे तेव्हा कुठे लक्षात आले.

ही गुणगुण येते कशी? बहुतेक मुले सांगतात, “तारेतून वीज जाते म्हणून.” उच्च दाबाच्या वाहिन्यांखाली विजेचाही आवाज येतो, ती गोष्ट वेगळी, पण तारायंत्राच्या तारा गात असत त्या वाऱ्यामुळे. वारा तारेला ओलांडून जाताना तिच्यामागे एकदा वर, एकदा खाली असे भोवरे सुटतात आणि सूर उमटतो. वाऱ्याच्या वेगाला तारेच्या जाडीने भागा आणि त्याचा पाचवा हिस्सा घ्या. वेग सेकंदाला ५ मीटर, तार ४ मिलिमीटर, तर सेकंदाला सुमारे २५० कंपने होतात. तार थरथरली की ती थरथर खांबात उतरते, आणि घन पदार्थातून ध्वनी चांगला वाहतो. दुर्गेला हे गणित ठाऊक नाही, पण कान कुठे लावायचा ते ठाऊक आहे!

आता दुसरा प्रसंग. दुर्गा गेली आहे. हरिहर बऱ्याच दिवसांनी घरी परततो. त्याला काहीच कल्पना नाही. तो बोलत राहतो, आणलेल्या वस्तू काढून दाखवतो. सर्वजया मुकाट्याने त्याला पाणी देते. मग तो दुर्गेसाठी आणलेली साडी पुढे करतो आणि ती कोसळते. तिचे तोंड उघडते, पण तिचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. त्या जागी येतात रविशंकर यांच्या संगीतातले, तारशहनाईवर वाजवलेले पटदीप रागाचे तार सप्तकातले सूर. हे गजाने वाजवायचे वाद्य. एसराजाला ग्रामोफोनसारखा कर्णा जोडावा, तसे.

यावर आक्षेप घेता येतो, आणि आमच्या वर्गातल्या एका मुलीने तो घेतलाही: “आईचे रडणे काढून घेतले आणि गाणे दिले.” आक्षेप हलका नाही. दुःख गोड करून देण्याचा धोका इथे आहेच. तरी आम्हाला ही निवड योग्य वाटते, आणि त्याचे कारण त्या सुरांआधीच्या शांततेत आहे. सर्वजया आधी गप्प राहिली नसती, तर ते सूर नुसती सजावट झाले असते. मालिकांत एकच चेहरा तीनदा दाखवून तीनदा ‘ढण्’ वाजवतात. तिथे आवाज आपल्याला काय वाटायला हवे ते आधीच बजावतो. इथे ते आपल्याला आधीच वाटू लागलेले असते, सूर मागून येतात.

एक तक्रार मात्र आहे. बासरीवरची मुख्य धून चित्रपटात वारंवार येते. एकदोन ठिकाणी ती नसती तरी चालले असते. दुर्गेच्या आजारपणातल्या वादळी रात्री वारा, हलणारे दार आणि फडफडणारा पडदा यांनीच जीव मुठीत येतो.

वर्गात करून पाहा: हरिहर परततो तो प्रसंग आधी आवाज बंद करून दाखवा. मग पडद्यावर कापड टाकून नुसता ऐकवा. दोन्ही वेळा मुलांना एकच प्रश्न विचारा, घरात काय घडले? आमच्या वर्गात नुसते ऐकणाऱ्यांपैकी दोघांनी सांगितले, “कोणीतरी ओरडले.”