रिकामे प्रेक्षागार : दोन चित्रपट, दोन क्रीडांगणे

चित्रपटातील स्थळाचा विचार करताना ते ‘खरे’ वाटते की नाही एवढ्यावरच समीक्षा पुष्कळदा थांबते. स्टेडियमच्या बाबतीत हा निकष फारच तोकडा आहे. स्टेडियम ही मुळात पाहण्यासाठीच बांधलेली वास्तू होय. मध्ये मोकळी भूमी आणि सभोवती हजारो डोळ्यांची सोय. चित्रपट तेथे प्रवेश करतो तेव्हा एक प्रेक्षागार त्याच्याआधीच तेथे उभे असते. त्याचे काय करावयाचे हा प्रश्न दिग्दर्शकाला टाळता येत नाही. सॅन फ्रान्सिस्को ह्या एकाच शहरातील दोन क्रीडांगणांवर चित्रित झालेल्या दोन चित्रपटांनी त्याला परस्परविरुद्ध उत्तरे दिली आहेत.

ब्लेक एडवर्ड्‌स ह्यांच्या ‘एक्सपेरिमेंट इन टेरर’ (१९६२) ह्या चित्रपटाचा शेवट कँडलस्टिक पार्क ह्या, १९६० मध्ये खुल्या झालेल्या, बेसबॉलच्या क्रीडांगणावर होतो. बँकेतील एका तरुणीला धमकावून पैसे उकळू पाहणारा खुनी तिला रात्रीच्या सामन्याला बोलावतो. गर्दी हा त्याचा आडोसा. परंतु त्याच गर्दीत पोलीसही मिसळलेले आहेत. सामना संपून लोक पांगू लागताच तो उघडा पडतो, मैदानात धावतो आणि चेंडूफेक्याच्या उंचवट्यावर गोळीने कोसळतो. थोड्या वेळापूर्वी सर्वांची नजर जेथे खिळलेली होती तेथेच तो मरतो. शासनाच्या कृतीत येथे लपविण्यासारखे काही नाही.

डॉन सीगल ह्यांच्या ‘डर्टी हॅरी’ (१९७१) मधील केझर स्टेडियम १९२५ चे. फोर्टीनाइनर्स ह्या फुटबॉल संघाने ३ जानेवारी १९७१ रोजी तेथे आपला अखेरचा सामना खेळून ते सोडले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात हा चित्रपट प्रदर्शित झाला. सुमारे साठ हजारांची बैठक असलेली ही ओसाड वास्तू कथेत खुन्याचे निवासस्थानच आहे. पळविलेल्या मुलीचा ठावठिकाणा मिळविण्यासाठी हॅरी रात्री तेथे शिरतो. त्याचा सहकारी दिवे लावतो. मैदान झगझगीत उजळते. हॅरी खुन्याला गोळीने पाडतो. मग तो सहकाऱ्याला बाहेर जाण्यास सांगतो. ह्या लहानशा सूचनेकडे सहसा लक्ष जात नाही, परंतु सर्व प्रसंगाचे मर्म तिच्यात आहे : हजारो आसने रिकामी, आणि उरलेला एकुलता साक्षीदारही निरोप दिलेला. खुनी वकिलाची मागणी करीत असता हॅरी त्याच्या जखमी पायावर पाय देतो. त्याच क्षणी हेलिकॉप्टरमधील कॅमेरा मागे व वर सरकू लागतो, आणि मैदान धूसर अंधारात बुडून जाते.

ह्या माघारीचा अर्थ काय? ती दिग्दर्शकाची सभ्यता होय, असे म्हणणे सोपे आहे. पॉलिन केल ह्यांनी तर १९७२ मध्ये चित्रपटाच्या एकूण नीतीवरच फॅसिस्टपणाचा आरोप केला. तो सर्वस्वी निराधार नाही. तथापि ह्या दृश्यापुरता तो अपुरा वाटतो. न. चिं. केळकरांच्या ‘सविकल्प समाधी’त तादात्म्य आणि ताटस्थ्य एकत्र नांदतात. येथे कॅमेरा त्यांची बळेच फारकत करतो. हॅरीशी तादात्म्य पावलेल्या प्रेक्षकाला तो ऐन छळाच्या वेळी उचलून दूर नेतो. परंतु दूर जाताना जे दृष्टीस पडते ती रिकाम्या आसनांची वर्तुळाकार रांगच होय, आणि त्या आसनांवर बसण्याजोगा आता चित्रगृहातील प्रेक्षकच तेवढा उरलेला असतो. सहकाऱ्याला बाहेर पाठविता आले. ह्याला पाठविता येत नाही. एडवर्ड्‌सच्या चित्रपटात गर्दी कथेतच होती, म्हणून प्रेक्षकावर हा भार पडला नव्हता.

हे सामर्थ्य चित्रपटाला टिकविता आले नाही, हे मात्र मान्य केले पाहिजे. पहाटे मुलीचे प्रेत सापडते, म्हणजे छळाने कोणाचाही जीव वाचलेला नाही. ह्या वस्तुस्थितीवर पटकथा क्षणभरही रेंगाळत नाही. ती लगेच सरकारी वकिलाच्या कचेरीत येते. तेथे १९६६ च्या मिरांडा निर्णयाचा हवाला देणारा कायदा इतका कोरडा आणि आडमुठा रंगविला आहे की प्रेक्षकाचा सारा रोष त्याच्यावरच जावा. स्टेडियमने जो प्रश्न प्रेक्षकासमोर मोकळा ठेवला होता, तो चार भिंतींच्या ह्या कचेरीत हॅरीच्या बाजूने निकालात काढला जातो.