वस्तीसाठी खुला आरोग्य परिसर : विद्यार्थ्यांच्या आराखड्यांवर टिपण

खिदिरपूरच्या आसपास विद्यापीठाचा आरोग्य परिसर उभारायचा आहे आणि तो वस्तीसाठी खुला हवा, असा प्रकल्प मी तिसऱ्या वर्षाच्या स्थापत्य विद्यार्थ्यांना दिला होता. आलेले आराखडे देखणे आहेत. बहुतेकांनी कुंपणाची भिंत काढली, हिरवळ पसरली, मधोमध कारंजे बसवले आणि रस्त्याला लागून कॅफे काढला. हिरवळीवर लॅपटॉप घेतलेली चार तरुण माणसेही आहेत. स्ट्रेचरवरची आजी मात्र एकाही चित्रात सापडली नाही.

गोदी भागातून सरकारी रुग्णालयात येणारा रुग्ण एकटा येत नाही. बरोबर दोन-तीन नातेवाईक, डबा, चादर, जुन्या रिपोर्टांची पिशवी असते. रात्री ही माणसे कुठे झोपणार, असे विचारल्यावर उत्तर आले, "सर, वेटिंग लाउंज आहे ना." मी क्षेत्रफळ मोजले. लाउंज कॅफेपेक्षा लहान निघाला! ज्या आराखड्यात नातेवाईक फुटपाथवर झोपतो, त्याला खुला कसे म्हणायचे?

खिदिरपूरहून थोड्याच अंतरावर मैदानाच्या दक्षिण कडेला एसएसकेएम, म्हणजे जुने प्रेसिडेन्सी जनरल हॉस्पिटल आहे. तिथले रोनाल्ड रॉस यांचे स्मारकफाटक बघून या. त्याचे अनावरण 1927 मध्ये खुद्द रॉस यांच्या हस्ते झाले. 1898 मध्ये याच आवारातल्या लहानशा प्रयोगशाळेत त्यांनी डासामार्फत हिवताप कसा पसरतो ते शोधले, पण काम करावे लागले पक्ष्यांच्या हिवतापावर. त्या वर्षी प्लेगच्या लसीची धास्ती शहरात इतकी पसरली होती की बोटाला सुई टोचून घ्यायलाही लोक तयार होईनात. अशा वेळी भिंत असली काय, नसली काय! (आणि रॉस यांच्या शेजारी आपण कारंजे काढतो. पंप बंद पडला की साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो.)

विश्वासाचा प्रश्न सेवाग्रामने वेगळ्या वाटेने हाताळला. सुशीला नायर यांनी 1945 मध्ये कस्तुरबा रुग्णालय सुरू केले, त्याच्याशी जोडून 1969 मध्ये वैद्यकीय महाविद्यालय आले. प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, विद्यार्थी तिथे शिबिराला राहतात आणि वाट्याला आलेल्या कुटुंबांकडे पुढेही जात राहतात. रुग्णालयाच्या विमा योजनेत गावकऱ्यांनी वर्गणी म्हणून ज्वारी दिली आहे. हे नकाशावर कसे दाखवायचे, असे एका मुलीने विचारले. प्रश्न रास्त आहे. वस्तीत जाणाऱ्या तुकडीला फाटकाजवळ खोली, कुटुंबांच्या नोंदींसाठी कपाटे, गाडी उभी करायला जागा लागते. ती दाखवता येते. खिदिरपूरला सेवाग्रामची ऐसपैस जमीन नाही, तेव्हा तिथला बैठा पसारा उचलून इथे ठेवू नका.

खुलेपणाला संसर्गाची मर्यादाही आहे. हा मुद्दा एकाच गटाने हाताळला. त्यांनी ताप-खोकल्याची ओपीडी अगदी फाटकाशी ठेवली, पुढे दोन्ही बाजूंनी उघडी, वर छप्पर असलेली लांब पडवी दिली. खोकणाऱ्या माणसाला प्रसूती विभागासमोरून जावे लागत नाही, क्षयरोग्याच्या शेजारी बसलेल्याला वारा मिळतो आणि रात्री ओपीडी बंद झाल्यावर पडवी धुऊन तिथेच नातेवाइकांना अंथरूण टाकायचे, असेही त्यांनी सुचवले आहे. हे शेवटचे मला पटत नाही. झोपायची जागा वेगळीच हवी. रेखाटन ओबडधोबड, अक्षर त्याहून वाईट, तरी सर्वाधिक गुण मी याच गटाला दिले.

त्यांचाही रॅम्प मात्र 1:8 चा आहे. चाकाची खुर्ची स्वतः ढकलून बघा, मग 1:12 का म्हणतात ते कळेल. बाकीच्या गटांनी पुढच्या सोमवारी फक्त तळमजला पुन्हा काढून आणावा. रात्री दोन वाजताचा. त्यात पिण्याच्या पाण्याचा नळ, बायकांचे शौचालय आणि झोपलेली माणसे दिसली पाहिजेत.