शीतयंत्राची परीक्षा कोणत्या आकड्याने करावी?

संगणकाचा प्रोसेसर शून्याखाली तीस-चाळीस अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून त्याचा वेग वाढवावयाचा आणि त्यासाठी लागणारे शीतयंत्र घरीच बांधावयाचे, ही हौस या शतकाच्या प्रारंभी युरोप-अमेरिकेत बरीच फोफावली. तयार यंत्रे बाजारात होतीच. क्रायोटेक या अमेरिकन कंपनीने २००० साली अशा शीतनाच्या बळावर १ गिगाहर्ट्झचा संगणक पुढे आणला; डेन्मार्कच्या असेटेक कंपनीचे ‘व्हेपोचिल’ही त्याच सुमाराचे. परंतु जुन्या यंत्रातला कॉम्प्रेसर काढून, तांब्याच्या नळ्या स्वतः जोडून, स्वतःच गॅस भरणाऱ्या हौशी कारागिरांनी आपल्या कृतींचे जे वृत्तान्त लिहिले, ते अधिक लक्षणीय आहेत. त्यांचे धाडस मान्य करूनही त्यांच्या परीक्षेची रीत आम्हांस सदोष वाटते.

या वृत्तान्तांत मानाचे स्थान बहुधा एकाच आकड्याला मिळते: यंत्र किती खाली गेले? हा आकडा पुष्कळदा प्रोसेसरचा भार नसताना घेतलेला असतो. साधा प्रोपेन वातावरणाच्या दाबाखाली उणे ४२ अंशांवर उकळतो. दाब त्याहून उतरविला की तो आणखी खाली उकळणारच. म्हणजे रिकाम्या यंत्राच्या नीचांकात कारागिराच्या कौशल्यापेक्षा वायूच्या स्वभावाचा वाटा मोठा. समजा, एक यंत्र रिकामे असता उणे ५५ अंश दाखविते व २०० वॅटचा भार पडताच उणे १५ वर येते. दुसरे रिकामे असता उणे ४५ वरच थांबते, पण त्याच भाराखाली उणे ३० राखते. संगणकाच्या उपयोगाचे दुसरेच यंत्र आहे. टाळ्या मात्र पहिल्याला मिळतात.

हा भेद कोठे उत्पन्न होतो हे पाहिले म्हणजे या कलेचे मर्म हाती येते. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, फिल्टर ड्रायर ही अंगे विकत मिळतात. कारागिराची खरी कसोटी लागते ती कॅपिलरीत, म्हणजे जेमतेम मिलिमीटरभर पोकळीच्या त्या लांब नळीत. ती लांब ठेवली की प्रवाह घटतो, इव्हॅपोरेटरमधील दाब उतरतो आणि थंडी वाढते. पण भार येताच तेवढे थोडे द्रव वाटेतच उकळून संपते, इव्हॅपोरेटरचा शेवट कोरडा पडतो व तापमान भराभर चढते. उलट नळी फार आखूड केली किंवा गॅस जास्त भरला, तर न उकळलेले द्रव कॉम्प्रेसरकडे परतते. द्रव दाबता येत नाही, आणि कॉम्प्रेसरची यंत्रणा तेथेच मोडू शकते. या दोन संकटांमधील अरुंद वाट शोधणे म्हणजेच जुळणी. नळी वीतभर कमी करावयाची तर गॅस काढा, सांधा उकला, पुन्हा ब्रेझिंग करा, व्हॅक्यूम ओढा, पुन्हा ग्रॅम-ग्रॅम मोजून भरा. वृत्तान्तात हा भाग बहुधा एका वाक्यात आटोपलेला असतो. वाचकाला जे शिकावयाचे होते तेच गाळले गेले!

त्यातही कॅपिलरी हे अचल छिद्र आहे, आणि प्रोसेसरचा भार क्षणोक्षणी बदलतो. तेव्हा प्रत्येक जुळणी कोणत्या तरी एका भारासाठी केलेली तडजोड असते. ती कोणती, हे न सांगता दिलेला आकडा अर्धवट होय. छायाचित्रांविषयीही हेच म्हणावे लागेल. कॉम्प्रेसरच्या अंगापर्यंत पोहोचलेले पांढरेशुभ्र हिम मोठ्या अभिमानाने दाखविले जाते. जाणता मेकॅनिक मात्र ते पाहून द्रव परत येत असल्याची शंका घेईल.

एक आक्षेप नैतिक स्वरूपाचा आहे. प्रत्येक प्रयोगागणिक आर-२२ किंवा आर-४०४ए हवेत सोडून देणे अक्षम्य आहे. पहिल्याने ओझोनचा थर विरतो, आणि उष्णता कोंडण्यात दोन्ही वायू कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट प्रबळ आहेत. प्रोपेन या बाबतीत निरुपद्रवी खरा, पण तो ज्वालाग्राही. नळीत तो शिल्लक असताना ज्योत लावणे जिवावर बेतू शकते.

सांध्याची उपेक्षा किती महाग पडते याचा दाखला थोरांच्या इतिहासातही आहे. १९७६ सालच्या क्रे-१ महासंगणकात फ्रिऑन खेळविलेला होता. त्याच्यासमवेत फिरणारे कॉम्प्रेसरचे तेल सांध्यांतून झिरपून मंडलांच्या पाट्यांवर पसरू लागले, आणि पहिले यंत्र सुमारे सहा महिने रखडले. नळ्या नीट बंद करण्यासाठी जोडकामाच्या नव्या रीती वापराव्या लागल्या.

म्हणून वृत्तान्तकाराकडे आमची मागणी एवढीच: भार किती वॅटचा, त्या भाराखालचे तापमान, परतीच्या नळीतील दाब, गॅसचे वजन, कॅपिलरीची लांबी व पोकळी, आणि खोलीचे तापमान यांची नोंद द्यावी. शेवटची नोंद क्षुल्लक समजू नये. डेन्मार्कच्या हिवाळ्यात जुळविलेले यंत्र नागपूरच्या मे महिन्यात चालविले, तर कंडेन्सरमधील दाब वाढून त्याच कॅपिलरीतून अधिक द्रव ढकलले जाईल आणि सारी जुळणी ढळेल. मुंबईच्या पावसाळ्यात तर दवबिंदू पंचवीस अंशांच्या आसपास असतो. तेथे नियोप्रीनच्या आवरणात सुईएवढी फट राहिली तरी सॉकेटमध्ये पाणी साचावयास वेळ लागणार नाही.