‘सांगत्ये ऐका’ : एका नटीच्या तकरीरीची छाननी

मराठी चित्रपटसृष्टींतील नटी हंसा वाडकर यांचें ‘सांगत्ये ऐका’ हें आत्मकथन प्रथम ‘माणूस’ या नियतकालिकांत व पुढें १९७० सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालें. तेव्हांपासून धीट, प्रांजळ, हृदयद्रावक अशा विशेषणांनीं त्याचा गौरव होत आला आहे. तो गौरव अस्थानीं आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु एखादा कागद हातीं आला असतां तो कोणीं सांगितला, कोणीं लिहिला, कशासाठीं लिहिला व घडल्यावर किती वर्षांनीं लिहिला, हे प्रश्न आपण ज्या सवयीनें विचारतों ते या पुस्तकास फारसे कोणीं विचारलेले दिसत नाहींत. नटीचें चरित्र हा संशोधनाचा विषय नव्हे, अशी एक समजूत आपल्यांत मुरलेली आहे. नारायणराव पेशव्यांच्या खुनाच्या प्रकरणीं एका अक्षरावरून पानामागून पानें खर्ची घालणाऱ्या मंडळींनीं, तीच कथा पडद्यावर आणणाऱ्या ‘रामशास्त्री’ (१९४४) या बोलपटांत काम केलेल्या बाईंच्या सनावळीकडे मात्र ढुंकूनहि पाहूं नये, ही मौज आहे.

पुस्तक बाईंनीं स्वहस्तें लिहिलेलें नाहीं. त्या बोलल्या व अरुण साधू यांनीं शब्दांकन केलें. साधू हे त्या वेळीं तरुण पत्रकार होते. पुढें ‘मुंबई दिनांक’ व ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांनीं त्यांचें नांव झालें. म्हणजे लिहून घेणारा हा नुसता नकलनवीस नव्हे, तर कथा रचण्याचें अंग असलेला पुरुष होता. हा प्रकार आपल्या वाचकांस नवा नाहीं. पेशवाईंतील वतनाच्या कज्ज्यांत वादी आपली हकीकत तोंडीं सांगे, कारकून ती लिहून घेई, व त्या कागदास तकरीर म्हणत. तकरीरींत आवाज वादीचा असतो, पण वाक्यांची जुळणी कारकुनाची असते. आणि विचारलेला प्रश्न कागदावर नसला तरी उत्तराच्या वळणांत तो लपलेला असतो. ‘सांगत्ये ऐका’ हें आत्मचरित्र म्हणून न वाचतां तकरीर म्हणून वाचावें, एवढेंच आमचें प्रतिपादन आहे. परंतु तें मान्य केल्यास बरेंच कांहीं बदलतें.

प्रथम नांवच घ्या. ‘सांगते’ न म्हणतां ‘सांगत्ये’ म्हणणें ही बायकांच्या घरगुती बोलींतील लकब आहे. ती मुखपृष्ठावर तशीच राखली गेली, यावरून लिहिणाराचा कान जागा होता असें दिसतें. पण हें नांव बाईंचें स्वतःचें तरी कोठें आहे? अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या १९५९ सालच्या तमाशापटाचें तें नांव. पुण्यांत तो दोन वर्षांहून अधिक काळ चालला व त्यांत बाईंची प्रमुख भूमिका होती. स्वतःच्या आयुष्याची हकीकत सांगावयाची, तीहि एका भूमिकेच्या नांवाखालीं! २०१३ सालीं निघालेल्या इंग्रजी भाषांतरास तर ‘तुम्ही विचारा, मी सांगतें’ अशा अर्थाचें नांव दिलें आहे. मराठी नांवांत विचारणारा कोणी नाहीं. भाषांतरकर्त्यांनीं मूळ नांव सोडलें खरें, पण खोलींत बसलेल्या त्या दुसऱ्या माणसास त्यांनीं नकळत उघडें केलें.

आतां सनावळी. बाईंचें मूळ नांव रतन साळगावकर. जन्म १९२३ चा, पहिला बोलपट ‘विजयाचीं लग्नें’ १९३६ चा. दहाव्या वर्षीं त्या पडद्यावर आल्या असें सर्रास सांगितलें जातें. परंतु या दोन सनांची वजाबाकी केल्यास तेरा वर्षें येतात. तेरा आणि दहा यांत अंतर तीनच वर्षांचें, पण मिळवत्या मुलीच्या बालपणाविषयीं बोलतांना तीं तीन वर्षें थोडीं नव्हेत. अशा ठिकाणीं स्मरणापेक्षां छापील सनास अधिक वजन द्यावें, हा आपला नेहमींचा नियम. मात्र प्रदर्शनाचा सन म्हणजे चित्रीकरणाचा सन नव्हे, हें विसरूं नये. काम आधीं होतें आणि बोलपट मागाहून येतो. पुढील टप्पे बरेच स्वच्छ आहेत. बाँबे टॉकीजमध्यें ‘नवजीवन’ (१९३९) आणि ‘आझाद’ (१९४०). प्रभातमध्यें ‘संत सखू’ (१९४१). मग राजकमलचा ‘लोकशाहीर राम जोशी’ (१९४७) आणि त्यानंतर ‘पुढचं पाऊल’ (१९५०). पुस्तकांतील खाजगी प्रसंग या खुंट्यांवर एकेक करून टांगून पाहिले पाहिजेत. बाई प्रसंग सांगतात तो कोणाच्या सहवासांत घडला यावरून, सनावरून नव्हे. आपल्या जुन्या बखरकारांचीहि तऱ्हा निराळी नव्हती, व त्यासाठीं राजवाड्यांनीं त्यांस किती फैलावर घेतलें हें सर्वांस ठाऊक आहे.

परंतु सन ढिले म्हणून साक्ष ढिली, असा निवाडा करणें अन्यायाचें होईल. साक्षीदार आपल्या हिताविरुद्ध बोलूं लागला कीं त्याच्या बोलण्याची किंमत वाढते. बाई आपलें मद्यपान लपवीत नाहींत. घरांतील भांडणाच्या भरांत एका पुरुषाबरोबर निघून गेल्याचें, मराठवाड्यांतील एका खेड्यांत त्याच्या इतर बायकांसह तीनएक वर्षें राहिल्याचें, आणि सुटकेसाठीं ज्या नवऱ्यास सोडून आल्या त्यालाच कळवावें लागल्याचें त्या सांगतात. बोलपटांत ज्या बाईचें नांव भिंतींवर झळकत होतें तिला त्या वाड्याच्या उंबऱ्याबाहेर पडतां येत नव्हतें. कीर्ति वाढविण्यासाठीं असला प्रसंग कोणी रचीत नाहीं. कलावंतिणींच्या घराण्यांत जन्म, घरचा खर्च लहानपणापासून आपल्या मिळकतीवर, आणि संसाराची हौस मात्र अखेरपर्यंत न फिटलेली. ही तक्रार पुस्तकांत पुनःपुन्हां येते. तींत शब्दांकनकाराचा हात शोधणारांनीं तो अवश्य शोधावा. आम्हांस ती बाईंचीच वाटते, कारण ती नेटकी नाहीं: ज्या घराची हौस त्या बोलून दाखवितात त्याच घरांतून त्या पुनःपुन्हां बाहेर पडतात, आणि या विसंगतीचा उलगडा करण्याच्या भरीस त्या पडत नाहींत. कुशल कादंबरीकारानें ती गांठ सोडविली असती. साधूंनीं ती राहूं दिली, हा त्यांचा मोठाच गुण.

तकरीर ही एका बाजूची असते हेंहि खरें. यजमानांचें, आप्तांचें, निर्मात्यांचें म्हणणें या पुस्तकांत बाईंच्याच मुखानें येतें. प्रतिवादीची जबानी नाहीं. तेव्हां तेवढ्यावरून कोणावर निवाडपत्र लिहिण्याची घाई वाचकानें करूं नये.

खरी हानि झाली आहे ती निराळ्याच बाजूनें. श्याम बेनेगल यांनीं याच पुस्तकाच्या आधारें १९७७ सालीं ‘भूमिका’ हा हिंदी चित्रपट काढला. त्यांत स्मिता पाटील यांनीं केलेलें काम अव्वल दर्जाचें आहे व राष्ट्रीय पुरस्कारानें त्याचा यथोचित सन्मानहि झाला. चित्रपटकर्त्यांनीं नांवें बदललीं, प्रसंगांस आकार दिला; तो त्यांचा अधिकार. दोष आहे तो बाईंचें चरित्र म्हणून ‘भूमिके’ची कथा सांगणारांचा. खेड्यांतील जमीनदार ते अमरीश पुरी यांच्या चेहऱ्यानें ओळखतात! नाटकावरून बखर शोधावी तसा हा उलटा व्यवहार होय. मूळ सांगणारीचें १९७१ सालीं निधन झालें असल्यामुळें तिजकडून दुरुस्ती होण्याची वाटहि खुंटली.

बाईंच्या कलेचा अस्सल कागद म्हणजे फीत. ‘संत सखू’मधील सोशिक सून व ‘राम जोशी’मधील तमासगिरीण बया यांत सहाच वर्षांचें अंतर आहे, दोन्ही भूमिका एकापाठोपाठ पाहिल्यास बाईंचा वकूब कळतो. बयेच्या भूमिकेंत ठसका आहे, पण तो फेकलेला नाहीं; ती शाहिराचें बोलणें ऐकत असते तेव्हां अधिक पाहण्यासारखी असते. आत्मकथनांत बाई आपल्या कलेविषयीं फार थोडें बोलतात, तें येथें भरून निघतें. परंतु त्या काळच्या नायट्रेट फिती ज्वालाग्राही. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ सालीं पुण्यांत स्थापन झालें, तोंवर कित्येक बोलपट नामशेष झाले होते. आणि ८ जानेवारी २००३ रोजीं पुण्यांतच लागलेल्या आगींत प्रभातच्या मूळ फितीहि जळाल्या. नकला होत्या म्हणून चित्रपट वांचले.

म्हणून संग्राहकांस एक विनंती. चित्रगृहाच्या दाराशीं विकल्या जाणाऱ्या पद्यांच्या चोपड्या, ज्यांवर पात्रपरिचय व कथासार छापलेलें असे, त्या आजहि जुन्या रुमालांच्या तळाशीं व रद्दींत सांपडतात. त्या पोथ्यांच्या शेजारीं ठेवण्यास कोणी संकोच करूं नये. तसेंच ‘माणूस’चे संबंधित अंक ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं त्यांतील पाठ १९७० च्या छापील प्रतीशीं ओळीनें ताडून पाहावा, आणि जेथें शब्द गळला किंवा वाढला असेल तेथें पृष्ठांक देऊन टांचण करावें.