टोफूची गाडी

स्पोर्ट्स कारमध्ये स्पोर्ट्सचं सामान मावत नाही. हे वाक्य विनोद म्हणून खपतं, त्यामुळे त्याच्याकडे कुणी नीट पाहत नाही. मी गेले चार महिने पाहतेय, कारण मला एक सेकंडहँड कूपे घ्यायची आहे आणि तिच्यातून दोन सायकली न्यायच्या आहेत. एक माझी, एक नवऱ्याची. दोन्ही माउंटन बाइक, २९ इंची चाकांच्या.

मी डेन्व्हरला राहते. शहराच्या पश्चिमेला लगेच डोंगर सुरू होतात आणि शनिवारी सकाळी महामार्गावर गाड्यांच्या पाठीला लटकलेल्या सायकलींची रांग दिसते. त्या गाड्या बहुतेक पिकअप, नाहीतर उंच एसयूव्ही. मधूनच एखादी बुटकी, दोन दारांची कूपे जाते आणि तिच्या पाठीवर काहीच नसतं. आपल्याकडे गाडीचं परीक्षण म्हणजे अ‍ॅव्हरेज, पिकअप आणि मेंटेनन्स. मला दुसरे दोन प्रश्न पडलेत. ही वस्तू कुणासाठी बनवली आहे? आणि तिने काय वाहून न्यायला नकार दिलाय?

कापलेली गाडी

मराठी माणसाला 'कूपे' हा शब्द आधी रेल्वेत भेटतो. फर्स्ट क्लासमधला दोन बर्थचा छोटा कप्पा म्हणजे कूपे. नवविवाहितांना मिळाला तर भाग्य, चौघांच्या कुटुंबाला मिळाला तर पंचाईत. मुळात फ्रेंच 'कूपे' म्हणजे कापलेलं. चार जण समोरासमोर बसायचे त्या घोडागाडीतली पुढची, मागे तोंड केलेली बैठक कापून टाकली, दोघांपुरती गाडी उरली, तिचं नाव कूपे. म्हणजे या गाडीची व्याख्याच वजाबाकीची. काय आहे यापेक्षा काय काढून टाकलं यावर तिचा रुबाब उभा आहे.

आता आपला दुसरा शब्द घ्या: डिकी. जुन्या दोन सीटच्या गाड्यांना मागे एक उघडझाप होणारी बैठक असायची, गाडीच्या टपाबाहेर, ऊनवारा खात. इंग्रज तिला डिकी सीट म्हणत. ती बैठक गेली, पण शब्द आपल्याकडे राहिला आणि त्याचा अर्थ सामानाची जागा असा झाला. मला हा बदल फार आवडतो. दोघांच्या गाडीत तिसऱ्यासाठी जी ओशाळवाणी जागा होती, तिच्यात आपण बॅगा, आंब्याच्या पेट्या आणि स्टेपनी भरली.

आपला हा स्वभाव गेलेला नाही. २०२४ मध्ये भारतात टाटा कर्व्ह आणि सिट्रोएन बसाल्ट आल्या, त्या 'कूपे एसयूव्ही' म्हणून. चार दारं, उंच बांधा, मागे उतरतं छप्पर. कर्व्हची डिकी ५०० लिटरची. गाड्यांचे शौकीन यावर नाक मुरडतात आणि कूपेचा अर्थ बाटवला म्हणतात. मला यात एक प्रामाणिकपणा दिसतो. उतार हवाय, पण सामानही हवंय, हे तिने सरळ सांगून टाकलंय.

फुजिवारांचं दुकान

आमच्या पिढीतल्या पुष्कळांना कूपेचं वेड एका मांगामुळे लागलं. शुइची शिगेनो यांची 'इनिशियल डी', १९९५ ते २०१३, ४८ खंड. नंतर अ‍ॅनिमे, गेम्स आणि अगणित मीम्स. ज्यांनी ती वाचली नाही त्यांनीही तिची गाडी पाहिलेली असते: पांढरी-काळी टोयोटा एई८६, दारावर जपानी अक्षरं. त्या अक्षरांचा अर्थ 'फुजिवारा टोफू शॉप, खासगी वापरासाठी'.

गोष्ट साधी आहे. ताकुमीच्या वडिलांचं टोफूचं दुकान आहे. रोज पहाटे अकिना डोंगरावरच्या हॉटेलात माल पोचवायचा असतो आणि हे काम शाळकरी वयापासून ताकुमीकडे आहे. वडील कपहोल्डरमध्ये पाण्याने भरलेला कागदी पेला ठेवतात. पाणी सांडता कामा नये, कारण पाणी सांडलं तर मागचा टोफूही फुटणार. वर्षानुवर्षं असं चालवून पोरगा घाटातला सगळ्यात वेगवान ड्रायव्हर होतो, आणि त्याला स्वतःला त्याचं काही विशेष वाटत नाही.

या कथेचं कौतुक बहुतेक वेळा ड्रिफ्टिंगसाठी होतं. मला तिचं मर्म मालात दिसतं. ताकुमीला वेग शिकवला तो ओझ्याने. मागे काहीतरी नाजूक आहे, ते कुणाच्या तरी न्याहारीत जाणार आहे, ही जाणीव त्याच्या हातात उतरली. तो माल पोचवून रिकाम्या गाडीने खाली येतो तेव्हा रेस होतात. रेस हा परतीच्या वाटेवरचा भाग आहे, मुख्य काम आधीच झालेलं असतं. आणि ताकुमीची गाडी तीन दारी आहे, म्हणजे मागची काच आणि झाकण एकत्र वर उचललं जाणारी हॅचबॅक. टोफूचे ट्रे आत सरकवायचे तर असंच तोंड लागतं.

आज जगभर त्या दुकानाचे स्टिकर मिळतात. डेन्व्हरच्या पार्किंगमध्येही मी ते पाहिलेत, ज्यांच्यात टोफूचा एक ट्रे सरळ ठेवता येणार नाही अशा गाड्यांवर. चाहत्यांनी स्टिकर ठेवला आणि माल उतरवून टाकला.

८६ मिलिमीटर

चाहत्यांचं सोडा, खुद्द टोयोटाने काय केलं? २०१२ मध्ये त्यांनी सुबारूबरोबर त्या जुन्या गाडीला आदरांजली म्हणून नवी गाडी आणली. जपानमध्ये ८६, युरोपात जीटी८६, अमेरिकेत सायन एफआर-एस, आणि सुबारूच्या नावाने बीआरझेड. २ लिटरचं बॉक्सर इंजिन, २०० अश्वशक्ती, मागच्या चाकांना ताकद. सिलिंडरचा व्यास ८६ मिलिमीटर आणि पिस्टनचा फेराही ८६ मिलिमीटर. ती बनायची सुबारूच्या गुन्मा प्रांतातल्या कारखान्यात, आणि 'इनिशियल डी' घडते तीही गुन्मातच. संदर्भ इतके जुळवलेत की एखाद्या कवीला हेवा वाटावा.

फक्त हॅच नाही. मागे छोटं झाकण आणि खाली अरुंद खाच. एई८६ झाकणाच्या डिकीतही मिळायची हे खरं, पण ज्या गाडीच्या आठवणीवर सगळा डोलारा उभा आहे ती हॅच होती. याला तांत्रिक कारण आहे: गाडीच्या पाठीला मोठं भोक ठेवलं की सांगाडा तेवढा ताठ राहत नाही, तो ताठ करायला जादा पोलाद लागतं आणि वजन वाढतं. पण टोयोटाच्याच सुप्राला हॅच आहे. म्हणजे हा नाइलाज नव्हता, निवड होती. लाँचच्या वेळी कंपनीने अभिमानाने सांगितलं होतं की मागची सीट पाडली की या गाडीत चार टायर मावतात. म्हणजे ओझं चालेल, पण ते गाडीचं स्वतःचं. आरशात पाहत बसणाऱ्या माणसाला भेट म्हणून दुसरा आरसा द्यावा, तसं.

चालवायला ती सुंदर आहे, हे लिहिलंच पाहिजे. मी दोन चालवून पाहिल्या. स्टिअरिंग हातात घेतल्यावर रस्त्याचा खडबडीतपणा तळव्यात कळतो. इथे समुद्रसपाटीपासून ५,२८० फूट उंचीवर विरळ हवेमुळे टर्बो नसलेल्या इंजिनाची साधारण १५ टक्के ताकद जाते, म्हणजे २०० पैकी तीसेक घोडे शब्दशः हवेत विरतात. तरीही मजा कमी होत नाही. म्हणूनच तिने सायकल नाकारली याचं जास्त वाईट वाटतं.

कॅरियर कुठे गेलं

बाबांना हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर सांगितलं. ते म्हणाले, "अगं, सायकल न्यायला गाडी? सायकलवर माणूस जातो ना?"

बाबा पुण्यात वीस वर्षं सायकलने कंपनीत गेले. ते पुणं सायकलींचं शहर होतं. त्यांच्या सायकलला स्टँड होता, मडगार्ड होतं, चेनकव्हर होतं, आणि मागे स्प्रिंगचं कॅरियर. त्या कॅरियरवर डबा, दळण, रेशनची साखर आणि कधी कधी मी. माझ्या सायकलला यातलं काहीही नाही. तिचाही खेळ वजाबाकीचाच आहे. ओझं वाहणारा प्रत्येक अवयव काढून टाकला, किंमत वाढली, आणि आता ती इतकी शुद्ध झाली आहे की तिलाच कुणीतरी उचलून डोंगरापर्यंत न्यावं लागतं. सायकलने आपलं ओझं गाडीवर ढकललं आणि गाडी म्हणते, मीही खेळाडूच आहे.

दोन शुद्ध वस्तूंच्या मधला हमाल कोण, हा या खरेदीतला खरा प्रश्न आहे. बाजाराने त्यावर हमाल विकायला काढलेत. झाकणाला पट्ट्यांनी बांधायचा रॅक स्वस्त पडतो, पण भार झाकणाच्या कडेवर येतो, स्पॉइलर आडवा येतो, आणि काचेच्या हॅचवर पुष्कळ कंपन्या तो लावायला मनाई करतात. छतावर व्हॅक्यूमच्या वाट्या चिकटवून त्यात सायकल उभी करता येते. वाट्या घट्ट धरतात, पण प्रत्येक थांब्यावर उतरून त्या तपासाव्या लागतात. तिसरा मार्ग म्हणजे बंपरखाली पक्की पट्टी बसवून त्यात रॅक खोचायचा. हा सगळ्यात विश्वासाचा, पण कुणीतरी आधी गाडीचे स्प्रिंग कापून ती खाली बसवली असेल तर प्रत्येक उतारावर रॅक जमिनीला घासतो.

उमेदवार

मग मी हॅच असलेल्या कूपे वाचायला घेतल्या. वाचायला हाच शब्द बरोबर आहे.

टोयोटा सेलिका, २००० ते २००५. रेषा धारदार, मागचं तोंड मोठं, वजन कमी. तिची अडचण तिच्या वयाची. आता मिळतात त्यांतल्या पुष्कळ तीन-चार हात फिरलेल्या आहेत.

ह्युंदाई व्हेलोस्टर, २०११ साली आलेली. ड्रायव्हरच्या बाजूला एक दार, दुसऱ्या बाजूला दोन. लोक हसले. मला ती सगळ्यात खरं बोलणारी गाडी वाटते: समोरून पाहाल तर मी कूपे आहे, फुटपाथवरून पाहाल तर घरची माणसं नेणारी. चालवताना मात्र ती ८६ सारखी बोलत नाही.

होंडा सीआर-झेड, हायब्रिड आणि तरीही सहा गिअरची मॅन्युअल. अमेरिकेत ती फक्त दोन सीटची. मागे सपाट जागा. कुटुंबाला पूर्ण नकार, सामानाला होकार. विचित्र, पण सुसंगत.

आणि अक्युरा आरएसएक्स, २००२ ते २००६, जपानमध्ये हिचंच नाव होंडा इंटेग्रा. साध्या मॉडेलला १६० च्या आसपास अश्वशक्ती, पुढच्या चाकांना ताकद, मागे उंच उघडणारी हॅच. सीट पाडून दोन्ही सायकलींची पुढची चाकं काढली की, एक उलटी एक सुलटी ठेवून, मध्ये घोंगडी घालून, दोन्ही आत जातात. हे मी विकणाऱ्याच्या दारात करून पाहिलं. तो पंचविशीतला पोरगा आधी चक्रावला, मग त्याने स्वतः एक चाक धरलं.

निकाल

एक माणूस अजून मोजायचा राहिला होता. आईबाबा उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी येणार आहेत आणि आईचे गुडघे दुखतात. दोन दारांच्या गाडीत मागे शिरायचं म्हणजे सीट पुढे सरकवून, वाकून, अंग चोरून. आई पुढे बसेल हे ठरलं. बाबा म्हणाले, "मी मागे बसतो. स्कूटरवर तू पुढे उभी असायचीस, तेव्हा तुझी हवा खायची पाळी होती. आता माझी मागे बसायची." आरएसएक्सच्या मागच्या सीटवर तिरकी काच डोक्याजवळ येते. बाबा पाच फूट चार इंच आहेत, मावतील. पण ते मागे बसले की सीट पाडता येणार नाही आणि सायकली बाहेर टांगाव्या लागतील. म्हणून हॅचच्या जोडीला बंपरखालची पट्टीही हवी. दोन्हीचा खर्च धरून मी आरएसएक्स घेतेय, साधी, कुणी स्प्रिंगला हात न लावलेली.

तिची कलाकृती म्हणून पायरी ८६ च्या खाली आहे. वळणात ती नाक पुढे ढकलते, आणि ८६ जशी पाठीतून वळते तसं काही तिला जमत नाही. तरी माझा कौल तिला आहे, कारण सौंदर्य आणि काम यांच्यात निवड करायची वेळ तिने माझ्यावर कमी वेळा आणली. समीक्षक म्हणून हा निकष कुणाला बाळबोध वाटेल. ताकुमीच्या वडिलांना वाटला नसता.

तुम्ही याच शोधात असाल तर तीन गोष्टी करा. विकणाऱ्याकडे जाताना सायकल आणि टेप बरोबर न्या, आणि डिकीचे लिटर वाचण्याऐवजी तिचं तोंड मोजा. झाकणाच्या कडेवर रॅकच्या हुकांचे ओरखडे आणि पोचे शोधा. आणि २०१३ च्या एफआर-एस किंवा बीआरझेडवर जीव जडलाच, तर २०१८ मध्ये जाहीर झालेल्या व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या रिकॉलचं काम झाल्याचे कागद मागा, आणि ते काम नीट झालंय का हे मेकॅनिकला विचारा. त्यानंतर कपहोल्डरमध्ये पाण्याचा पेला ठेवून एक घाट चालवा. मागे सायकल असू द्या.