आरोपीचे मन आणि न्यायसंस्थेचे लक्ष : मनोवैद्यकीय तपासणीतील विशेषाधिकाराची चिकित्सा

धनिक आरोपी पैशाच्या बळावर वेडाचे सोंग वठवतो आणि शिक्षेतून सुटतो, असा समज सर्वत्र रूढ आहे. काही गाजलेल्या खटल्यांच्या आधारे हा समज तपासून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. या समजात तथ्यच नाही असे नव्हे. मात्र विशेषाधिकाराचे खरे स्वरूप त्यामुळे झाकले जाते.

१९२४ मध्ये शिकागो येथे नेथन लिओपोल्ड व रिचर्ड लोब या अतिश्रीमंत घराण्यांतील दोन तरुणांनी बॉबी फ्रँक्स या चौदा वर्षांच्या मुलाची हत्या केली. त्यांचे वकील क्लॅरन्स डॅरो यांनी वेडेपणाचा बचाव घेतलाच नाही. गुन्हा कबूल करून त्यांनी ज्यूरी टाळली व केवळ शिक्षा सौम्य व्हावी यासाठी मनोवैद्यकांची साक्ष काढली. विल्यम अ‍ॅलन्सन व्हाइट, विल्यम हीली व बर्नार्ड ग्लुएक यांच्यासारखे त्या काळचे अग्रगण्य तज्ज्ञ उभे राहिले. आरोपींच्या अंतःस्रावी ग्रंथी तपासण्यात आल्या. बालपणीची शिक्षिका, गुप्तहेरकथांचे वेड, राजा आणि गुलामाची दिवास्वप्ने यांची सविस्तर नोंद झाली. सरकारी पक्षानेही कबुलीजबाबानंतर लगेच आपले तज्ज्ञ आणले. लोकांत इतका रोष होता की, पैसा पाण्यासारखा ओतला जाणार नाही असे दोन्ही कुटुंबांना जाहीर करावे लागले. न्यायाधीश जॉन कॅव्हर्ली यांनी फाशी न देता जन्मठेप व त्यावर ९९ वर्षांची शिक्षा दिली आणि त्यासाठी मुख्यतः आरोपींच्या वयाचा आधार घेतला. मनोवैद्यकीय अहवालांविषयी मात्र त्यांनी एक मार्मिक निरीक्षण नोंदवले. इतर आरोपींचे असेच विश्लेषण केले तर त्यांच्यातही अशाच किंवा वेगळ्या विकृती बहुधा आढळतील, असा त्याचा आशय होता.

या निरीक्षणाकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. लिओपोल्ड व लोब यांना खोटे निदान विकत मिळाले, असे त्यातून निघत नाही. त्यांचे मन कोणीतरी वेळेवर, सावकाश व पूर्ण वाचले, हाच त्यांचा विशेषाधिकार होता. त्याच शहरातील तुरुंगात असलेल्या गरीब आरोपीच्या बालपणाविषयी कोणी प्रश्नच विचारत नव्हते.

अशा खटल्यांची प्रतिक्रिया कोणावर उमटते, हेही पाहावे लागेल. राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर १९८१ मध्ये गोळ्या झाडणारा जॉन हिंकली हा तेल व्यवसायातील संपन्न उद्योजकाचा मुलगा होता. १९८२ मध्ये ज्यूरीने त्याला वेडेपणाच्या कारणावरून निर्दोष ठरवले. (तो 'सुटला' म्हणावे तर पुढील तीन दशकांहून अधिक काळ तो मनोरुग्णालयाच्या ताब्यात होता.) संतप्त लोकमतापुढे अमेरिकन काँग्रेसने १९८४ मध्ये कायदा बदलला आणि वेडेपणा सिद्ध करण्याचा भार संघीय न्यायालयांत आरोपीवर टाकला. हिंकलीच्या निकालाची किंमत अशा रीतीने तज्ज्ञ परवडत नसलेल्या आरोपींनी मोजली. भारतात हा भार पूर्वीपासूनच आरोपीवर आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ ने घेतली, तरी या स्थितीत फरक पडलेला नाही.

मुंबईतील रामन राघवचा खटला वरील मांडणीला छेद देणारा वाटेल. फुटपाथवर व झोपड्यांत झोपलेल्यांचे खून करणारा हा बेघर आरोपी १९६८ मध्ये पकडला गेला. पोलीस शल्यचिकित्सकांनी तो वेडा नसल्याचे मत दिले, तर बचाव पक्षाच्या मनोवैद्यकाने स्किझोफ्रेनियाचे निदान केले. १९६९ मध्ये सत्र न्यायालयाने त्याला फाशी सुनावली. त्याने स्वतः अपील करण्यास नकार दिला. तरीही मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने तीन मनोवैद्यकांचे मंडळ नेमले गेले, आजार निश्चित झाला आणि अखेरीस फाशीची जन्मठेप झाली. येथे पैसा नव्हता, मग विशेषाधिकार कोठून आला? तो कुप्रसिद्धीतून आला, असे म्हणावे लागते. फाशीची प्रत्येक शिक्षा कायम होण्यासाठी उच्च न्यायालयात जातेच. मंडळ मात्र प्रत्येकासाठी नेमले जात नाही.

ज्यांच्याजवळ पैसा नाही आणि ज्यांची नावे वृत्तपत्रांत नाहीत, त्यांची स्थिती दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातील 'प्रोजेक्ट ३९ए' च्या २०२१ च्या अहवालातून दिसते. फाशीची शिक्षा झालेल्या ८८ कैद्यांच्या या अभ्यासात साठ टक्क्यांहून अधिक कैद्यांना मानसिक आजार असल्याचे आढळले. महाराष्ट्रातील अशाच एका कैद्याची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मानसिक आजाराच्या कारणाने रद्द करून जन्मठेप दिली. गुन्हा १९९९ चा होता. निकालपत्रात त्याचा उल्लेख केवळ 'आरोपी क्ष' असा आहे.

२०२२ मध्ये 'मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य' या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आरोपीच्या मानसिक स्थितीचा अहवाल खटल्याच्या टप्प्यावरच मांडावा असा निर्देश राज्याला दिला. उशिरा का होईना, कॅव्हर्ली यांच्या निरीक्षणाच्या दिशेने पडलेले हे पाऊल आहे. पण हा निर्देश फाशीची शक्यता असलेल्या खटल्यांपुरता आहे. सात किंवा दहा वर्षांची शिक्षा होऊ शकणाऱ्या आरोपीच्या मनाची चौकशी अजूनही बहुधा त्याच्या वकिलाला सुचले तरच होते, आणि तो वकील अनेकदा विधी सेवा प्राधिकरणाने नेमून दिलेला, आरोपीला सुनावणीच्या दिवशीच भेटणारा असतो.